तांब्याचा ऑक्सिजन वाहक आणि पॅक्ड बेड रिअ‍ॅक्टर: अडचण रसायनाची की उष्णतेची?

सातपूरकर

इंधन हवेत जाळले की धुरात कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीने हवेतला सगळा नायट्रोजनही येतो, आणि पुढे कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्याचा मोठा खर्च या नायट्रोजनमुळेच पडतो. केमिकल लूपिंग कम्बशन या पद्धतीत इंधन आणि हवा यांची गाठच पडू दिली जात नाही. मध्ये एक धातू-ऑक्साइड असतो, त्यालाच ऑक्सिजन वाहक म्हणतात. इंधन त्याच्यातला ऑक्सिजन घेऊन जळते आणि त्यातून फक्त कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ बाहेर पडते. वाफ थंड करून काढली की हाती जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड उरतो. ऑक्सिजन गमावलेला धातू मग स्वतंत्रपणे हवेने पुन्हा ऑक्सिडाइज केला जातो. दोन्ही टप्प्यांतील उष्णतेची बेरीज साध्या ज्वलनाइतकीच येते.

कल्पना नवी नाही. शुद्ध कार्बन डायऑक्साइड तयार करण्याची एक पद्धत म्हणून लुईस आणि गिलिलँड यांनी १९५४ साली तिचे पेटंट घेतले, १९८३ मध्ये रिश्टर आणि क्नोखे यांनी वीजकेंद्राची कार्यक्षमता वाढवण्याचा मार्ग म्हणून ती मांडली, आणि १९८७ मध्ये जपानच्या इशिदा यांच्या गटाने तिला आजचे नाव दिले. त्यानंतरचे बहुतेक काम फ्लुइडाइज्ड बेडवर झाले, ज्यात ऑक्साइडची भुकटी दोन रिअ‍ॅक्टरांमधून सतत फिरत राहते. २००७ च्या सुमारास नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील गटाने उलटा विचार मांडला. ऑक्साइडच्या गोळ्या एका जागी थरात भरून ठेवायच्या आणि त्यांच्यावरून जाणारा वायू तेवढा आळीपाळीने बदलायचा, असा तो विचार. या स्थिर थरालाच पॅक्ड बेड म्हणतात. मला चर्चा करायची आहे ती या दुसऱ्या मांडणीची, आणि तीही तांब्याच्या वाहकाबाबत.

पॅक्ड बेडचा मुख्य फायदा दाबाचा आहे. गॅस टर्बाइन चालवायचे तर २० बार किंवा त्याहून अधिक दाबाखाली काम करावे लागते. अशा दाबाखाली तप्त भुकटी फिरवत ठेवणे आणि टर्बाइनच्या पात्यांपर्यंत तिची धूळ पोहोचू न देणे हे फार अवघड काम आहे. स्थिर थरात भुकटी फिरतच नाही, त्यामुळे वायूतून भुकटी वेगळी करणारे सायक्लोन लागत नाहीत आणि गोळ्यांची झीजही कमी होते.

तांब्याच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. क्युप्रिक ऑक्साइड, म्हणजे तांब्याचा काळा ऑक्साइड, वजनाच्या सुमारे २० टक्के ऑक्सिजन देऊ शकतो. लोहाचा फेरिक ऑक्साइड मॅग्नेटाइट या कमी ऑक्सिजनच्या ऑक्साइडपर्यंतच न्यायचा म्हटले तर हे प्रमाण जेमतेम ३.३ टक्के भरते. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्याशी तांब्याच्या ऑक्साइडची अभिक्रिया वेगाने होते, आणि निकेलसारखा कर्करोगाचा धोका त्यात नाही. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की तांब्याच्या ऑक्साइडचे क्षपणसुद्धा, म्हणजे इंधनाने त्यातला ऑक्सिजन काढून घेणेसुद्धा, उष्णता बाहेर टाकते. मिथेनच्या एका मोलमागे एकूण सुमारे ८०० किलोजूल मिळतात, त्यांतील सुमारे १७५ क्षपणात आणि उरलेले ऑक्सिडीकरणात. निकेल आणि लोह यांच्या ऑक्साइडांचे मिथेनने क्षपण करताना उलट उष्णता पुरवावी लागते.

आणि अडचण एका वाक्यात सांगायची तर तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते.

माझे म्हणणे असे आहे की या रिअ‍ॅक्टरची रचना ठरवताना अभिक्रियेचा वेग हा दुय्यम मुद्दा ठरतो. थरात तांबे किती टक्के घालायचे हा पहिला निर्णय असतो आणि तापमान त्यावरूनच ठरते. ऑक्सिडीकरणात तापमान किती चढेल हे गोळ्यांतील तांब्याचे प्रमाण, हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण आणि दोघांच्या उष्णताधारकता यांवर अवलंबून असते. हवा किती वेगाने सोडली याच्याशी त्याचा संबंध नसतो.

ढोबळ हिशेब देतो. एक किलो थरात १०० ग्रॅम तांबे आणि उरलेला अ‍ॅल्युमिना (तांब्याला आधार देणारा सच्छिद्र पदार्थ) धरू. एवढे तांबे ऑक्सिडाइज व्हायला सुमारे ०.७९ मोल ऑक्सिजन, म्हणजे साधारण १०८ ग्रॅम हवा लागते, आणि सुमारे २३५ किलोजूल उष्णता निघते. थराची उष्णताधारकता किलोमागे १.१ किलोजूल प्रति अंश धरली आणि त्यातून हवेचा वाटा वजा केला, तर तापमान सुमारे २४० अंशांनी चढते. वजाबाकी करायची कारण अभिक्रियेची आघाडी, म्हणजे थरातली अभिक्रिया चालू असलेली सीमा, पुढे सरकताना निघालेली उष्णता जवळजवळ सगळी तिच्या मागच्या थरातच राहते. तांबे दुप्पट केले की चढण दुपटीहूनही जास्त, म्हणजे सुमारे ५५० अंश होते. थर ६०० अंशांवर असताना हवा सोडली, तर पहिल्या गोळ्या सुमारे ८४० अंशांवर थांबतील आणि दुसऱ्या तांब्याचा वितळणबिंदू ओलांडतील.

तांबट_आळी

सातपूरकर, लेख आवडला. भांड्यांच्या धंद्यातून आलेल्या माझ्यासारख्याला दोन शंका आहेत.

तांब्याचा पत्रा भट्टीत लाल करून बाहेर काढला की त्यावर काळी पापडी धरते, तिच्या खाली लालसर थर असतो, आणि पाण्यात बुडवले किंवा हातोडीचा ठोका बसला की ती पापडी सुटून पडते. असे दर खेपेस थोडे तांबे वाया जाते. तुमच्या गोळ्यांमधले तांबे तर पुन्हा पुन्हा काळे आणि पुन्हा लाल होणार. ते टिकते कसे?

दुसरी शंका भात्याची आहे. भात्याने वारा वाढवला की भट्टी जास्त तापते, हे आमच्याकडच्या लहान मुलालाही ठाऊक असते. तुम्ही म्हणता की हवेच्या वेगाने तापमान बदलत नाही. हे पटत नाही.

सातपूरकर

तांबट_आळी, दोन्ही शंका नेमक्या जागी बोट ठेवणाऱ्या आहेत.

काळी पापडी म्हणजे क्युप्रिक ऑक्साइड आणि खालचा लालसर थर म्हणजे क्युप्रस ऑक्साइड. तांब्याचा काळा ऑक्साइड झाला की त्याचे आकारमान सुमारे १.७ पट होते. सलग पत्र्यावर हा फुगलेला थर ताणाखाली असतो, शिवाय थंड होताना तो आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, म्हणून तो सुटतो. ऑक्सिजन वाहकात तांबे सलग नसते. अ‍ॅल्युमिनासारख्या सच्छिद्र आधाराच्या छिद्रांत त्याचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात आणि त्यांना फुगायला व आकसायला जागा असते. शुद्ध तांब्याच्या गोळ्या भरल्या तर आपण म्हणता तेच होईल, म्हणून त्या कोणी भरत नाही.

तरीही त्रास पूर्ण टळत नाही. धातूचे कण त्याच्या वितळणबिंदूच्या निरपेक्ष मोजमापातील साधारण निम्म्या तापमानापासून एकमेकांना चिकटून मोठे होऊ लागतात. तांब्यासाठी हे तापमान सुमारे ४०५ अंश सेल्सिअस येते, म्हणजे आपला रिअ‍ॅक्टर कायमच त्या सीमेच्या वर चालतो. फ्लुइडाइज्ड बेडवरील स्पेनमधील प्रयोगांत १० टक्क्यांहून कमी क्युप्रिक ऑक्साइड असलेले, आधारात मुरवून केलेले कण गठ्ठा धरत नाहीत आणि २० टक्क्यांच्या वरचे धरतात, असे दिसले होते. स्थिर थरात गोळ्या फिरत नसल्यामुळे त्या चिकटल्याचे लगेच कळतही नाही, फक्त थराच्या दोन टोकांमधला दाबातला फरक हळूहळू वाढत जातो.

आता भाता. भट्टीत कोळसा भरपूर असतो आणि भिंतींमधून, उघड्या तोंडातून जाणारी उष्णता जवळपास ठरलेली असते. वारा वाढला की उष्णता जास्त निघते, गळती त्या मानाने वाढत नाही, म्हणून तापमान चढते. आपल्या थरात तापमान ठरते ते किलोभर गोळ्यांमध्ये किती तांबे जळायचे शिल्लक आहे यावर, आणि ते आधीच ठरलेले असते. हवा दुप्पट वेगाने सोडली तर अभिक्रियेची आघाडी दुप्पट वेगाने पुढे सरकेल, उष्णता निम्म्या वेळात निघेल, पण प्रत्येक गोळी तेवढीच तापेल. बाहेरची गळती नगण्य आहे हे मात्र यात गृहीत आहे.

नळीतला_थर

गळती नगण्य नसते, निदान प्रयोगशाळेत तरी. विद्यार्थ्यांबरोबर छोट्या व्यासाच्या स्टीलच्या नळीत अशा मोजण्या करताना थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सूत्रापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते, कारण नळीची भिंत स्वतःच उष्णता पिते आणि बाहेर टाकते. अशा स्थितीत हवेचा वेग वाढवला की तापमान चढलेले दिसते, आणि तांबट_आळी यांचा भाता खरा ठरल्यासारखे वाटते. व्यास वाढत गेला की भिंतीचा वाटा घटतो आणि मोजमाप सूत्राच्या जवळ येते.

एक भर घालतो. सातपूरकर यांनी आघाडीचा उल्लेख केला, पण आघाड्या दोन असतात आणि त्यांच्या वेगांतला फरक समजल्याशिवाय हा रिअ‍ॅक्टर समजत नाही. त्यांच्याच हिशेबाप्रमाणे एक किलो थर ऑक्सिडाइज करायला सुमारे ०.११ किलो हवा लागते. त्याच थरातली उष्णता हवेने वाहून न्यायला मात्र जवळजवळ एक किलो हवा लागते, कारण हवेची उष्णताधारकता थराच्या जवळपासच आहे. म्हणजे अभिक्रियेची आघाडी उष्णतेच्या आघाडीपेक्षा साधारण नऊ पट वेगाने धावते. ऑक्सिडीकरण संपते तेव्हा जवळजवळ सगळा थर तापलेला असतो आणि थोडाच भाग आत येणाऱ्या हवेने थंड झालेला असतो. यानंतर बराच वेळ हवा वाहत ठेवली की बाहेर येणारी हवा एकाच उंच तापमानाला स्थिर राहते, आणि टर्बाइनला हवी असते ती नेमकी हीच. ऑक्सिडीकरण चालू असेपर्यंत बाहेर येतो तो ऑक्सिजन नसलेला नायट्रोजन, तोही थराच्या आधीच्या तापमानाचा.

गोळ्यांच्या आकाराचाही विचार करावा लागतो. बारीक गोळ्यांत दाबाची घट फार होते. काही मिलिमीटरच्या गोळ्या घेतल्या की ती आटोक्यात राहते, पण मग वायूला गोळीच्या गाभ्यापर्यंत झिरपायला वेळ लागतो आणि आघाडी पसरट होते. पसरट आघाडीचा तोटा क्षपणात दिसतो. थराच्या शेवटी थोडा ऑक्साइड शिल्लक असतानाच न जळलेले इंधन बाहेर डोकावू लागते, आणि तेथेच क्षपण थांबवावे लागते.

एकलहरे_निवृत्त

वीजकेंद्रात आयुष्य गेलेला माणूस म्हणून विचारतो. नाशिकजवळच्या एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच, म्हणजे ६३० मेगावॉट क्षमता आहे. ही पद्धत तेथे बसवता येईल का? येत नसेल तर का नाही, हे सरळ सांगावे. प्रत्येक नव्या पद्धतीच्या बातमीत 'जुन्या केंद्रांनाही उपयुक्त' असे वाक्य असते आणि तपशील कधीच नसतो.

सातपूरकर

माझ्या मते बसवता येणार नाही, आणि त्याची कारणे सरळ आहेत.

पहिले म्हणजे पॅक्ड बेडमध्ये कोळसा घालताच येत नाही. त्यासाठी आधी त्याचा वायू करावा लागतो. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३५ ते ४५ टक्क्यांच्या घरात असते, आणि अशा कोळशाचे वायूकरण हा स्वतंत्र उद्योग आहे. भेलने तिरुचिरापल्ली येथे ६.२ मेगावॉटचा वायूकरणावर आधारित प्रायोगिक संच चालवला होता. त्याच्यात आणि २१० मेगावॉटमध्ये किती अंतर आहे हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. दुसरे, एकलहरेचे संच बाष्प टर्बाइनचे आहेत. दाबाखालच्या स्थिर थराचा सगळा फायदा गॅस टर्बाइनमुळे मिळतो आणि तेथे ते नाही.

तिसरे कारण आकाराचे. १० टक्के तांबे असलेल्या एक टन थरातून मिथेनच्या एका आवर्तनात सुमारे ३१५ मेगाजूल उष्णता मिळते. पूर्ण आवर्तन पाव तासाचे धरले तर टनामागे सरासरी ३५० किलोवॉट झाले. ६३० मेगावॉट विजेसाठी अंदाजे १८०० मेगावॉट उष्णता लागते, असे धरले तर पाच हजार टनांहून अधिक थर आणि त्यात पाचशे टनांहून अधिक तांबे लागेल. तेही सगळा थर पूर्णपणे वापरला जातो असे मानून, जे नळीतला_थर यांनी सांगितलेल्या कारणामुळे कधीच घडत नाही. आकडे अशक्य नाहीत, पण जुन्या केंद्राच्या आवारात कोपऱ्यात बसवण्यासारखेही नाहीत.

रसायनी

महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी पार्श्वभूमी जोडतो. तांब्याच्या ऑक्साइडने इंधन जाळणे हे प्रयोगशाळेला जवळजवळ दोनशे वर्षे ठाऊक आहे. लीबिख यांनी १८३१ मध्ये रूढ केलेल्या कार्बनी विश्लेषणात पदार्थाची वाफ तापलेल्या क्युप्रिक ऑक्साइडवर जाळतात आणि तयार झालेले पाणी व कार्बन डायऑक्साइड वेगवेगळे शोषून तोलतात. त्या नळीतला ऑक्साइड हा स्थिर थरच आहे, फक्त त्याचे पुन्हा ऑक्सिडीकरण हे तेथे उद्दिष्ट नाही. निष्क्रिय वायूंमधील ऑक्सिजनचा अंश काढण्यासाठी क्षपण केलेल्या तांब्याचे थर आजही वापरतात आणि ते दमले की हायड्रोजनने पुन्हा ताजे करतात. त्यामुळे सातपूरकर यांच्या मूळ विधानाशी मी सहमत आहे. रसायन ओळखीचे आहे, उष्णतेचे प्रमाण मात्र नवे आहे.

दोन गोष्टी मात्र मला सुटलेल्या वाटतात. क्षपणात कार्बन साचला तर पुढच्या ऑक्सिडीकरणात तो जळून हवेच्या प्रवाहातूनच बाहेर जाईल आणि पकडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब बिघडेल. आणि एकाच भांड्यात आधी हवा व नंतर इंधन सोडायचे तर मध्ये काय करता?

सातपूरकर

कार्बन साचण्याचा धोका निकेलच्या मानाने तांब्यावर कमी असतो, तरी कमी तापमानाला कार्बन मोनॉक्साइडपासून तो साचू शकतो. म्हणून इंधनात वाफ मिसळतात. वाफेने कार्बन साचणे रोखले जाते, पण ती तयार करायला उष्णता खर्च होते, म्हणजे हाही फुकटचा उपाय नाही.

हवा आणि इंधन यांच्या मध्ये थर नायट्रोजनने किंवा वाफेने धुऊन घ्यावाच लागतो, अन्यथा तापलेल्या भांड्यात स्फोटक मिश्रण तयार होईल. नायट्रोजनने धुतले तर तो सुरुवातीच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये मिसळतो आणि शुद्धता घटते. वाफेने धुतले तर ती नंतर थंड करून काढता येते. माझा कल वाफेकडे आहे.

तांब्याबाबत येथे आणखी एक खोच आहे. तापमान फार वाढले की क्युप्रिक ऑक्साइड स्वतःहून ऑक्सिजन सोडून क्युप्रस होतो. हवेच्या वातावरणात हे साधारण १०३० अंशांच्या आसपास घडते, पण ऑक्सिजन नसलेल्या वायूने धुताना त्याहून बऱ्याच कमी तापमानालाही थोडे थोडे घडत राहते. ८५० अंशांना हा ऑक्सिजन अगदी अल्प असतो. ९५० च्या पुढे मात्र धुण्याच्या वायूबरोबर साठवलेला ऑक्सिजनच वाहून जाऊ लागतो. घन इंधनांसाठी काही संशोधक याच गुणाचा मुद्दाम उपयोग करतात. आपल्या रचनेत तो तोटाच आहे.

गोदाकाठ

मोठ्या केंद्राचे उत्तर कळले. नाशिक परिसरात सांडपाणी, खरकटे आणि द्राक्षांचा चोथा यांपासून बायोगॅस मिळू शकतो. तेवढ्या लहान प्रमाणावर हे जमेल का? आणि पकडलेला कार्बन डायऑक्साइड ठेवायचा कुठे? आपण तर बसाल्टवर बसलो आहोत.

नळीतला_थर

बसाल्टचे थोडक्यात सांगतो. आइसलँडमध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बसाल्टमध्ये सोडला आणि त्याचा मोठा भाग दोन वर्षांच्या आत कार्बोनेट खनिजांत बदलला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपला दख्खनचा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याच्या पोकळ्या बऱ्याच ठिकाणी झिओलाइट, कॅल्साइट अशा खनिजांनी भरून गेलेल्या आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ज्यांनी हे स्फटिक पाहिले असतील त्यांच्या लक्षात येईल की वायू झिरपायला रिकामी जागा किती उरली आहे, हा प्रश्न येथे आधी विचारावा लागेल.

बायोगॅसबाबत सांगायचे तर त्यातला हायड्रोजन सल्फाइड आधी काढला पाहिजे. तांब्याचे सल्फाइड तयार झाले की वाहकाची ऑक्सिजन देण्याची क्षमता घटते.

सातपूरकर

गोदाकाठ, बायोगॅसची खरी अडचण गंधकाच्याही पुढे आहे, आणि येथे पुन्हा उष्णतेचाच प्रश्न येतो. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड ४५० अंशांच्या आसपासही तांब्याच्या ऑक्साइडचे क्षपण करतात. मिथेन तसे करत नाही. त्याला समाधानकारक वेगासाठी ७०० अंश किंवा अधिक लागतात. म्हणजे थरातली उष्णता हवेने पूर्ण काढून घेता येत नाही, इंधनाच्या पाळीसाठी थर तापलेलाच ठेवावा लागतो. ७०० वरून सुरुवात करा, १० टक्के तांब्याच्या थरात क्षपणाचे साठ-सत्तर अंश मिळवा, ऑक्सिडीकरणाचे २४० मिळवा, की हजाराच्या पुढे जाता. ऑक्सिजन सुटू लागण्याची आणि तांबे मऊ होण्याची हद्द तेथून जवळच आहे. म्हणून मिथेनसाठी तांबे १० टक्क्यांहून कमी ठेवावे आणि आवर्तने लहान करावीत असे मला वाटते, किंवा मिथेनचे आधी वाफेने रिफॉर्मिंग करून, म्हणजे त्याचे हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर करून, घ्यावे. लहान बायोगॅस संयंत्राला यांतले काहीच परवडणार नाही. तेथे गॅस इंजिन चालवणे शहाणपणाचे.

कोळशापासूनच्या वायूसाठी मात्र तांब्याला चांगली जागा आहे. आयंडहोवनच्या तांत्रिक विद्यापीठातील गटाने दोन थर एकामागे एक जोडण्याची मांडणी केली. पहिल्या, तांब्याच्या थरात वायू सुमारे ४५० वरून ८५० अंशांपर्यंत जातो, आणि दुसऱ्या, मँगनीजच्या थरात तेथून १२०० पर्यंत. टर्बाइनला हवे ते तापमान तांब्याला वितळू न देता मिळते, कारण शेवटची चढण मँगनीज करते. एकाच वाहकाकडून संपूर्ण चढण करून घेण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक पटतो.

एकलहरे_निवृत्त

दोन थर म्हणजे झडपाही दुप्पट. १२०० अंशांचा वायू २० बारवर आळीपाळीने वळवणारी झडप दर पाव तासाला उघडझाप करून वर्षभर टिकली पाहिजे. आम्हाला ५४० अंशांच्या वाफेच्या झडपांनीच पुरेसे दमवले होते.

सातपूरकर

खरे आहे, आणि माझ्या मते या पद्धतीच्या व्यवहार्यतेचा खरा निकाल येथेच लागेल. आत येणाऱ्या वायूंच्या, म्हणजे थंड बाजूच्या झडपा सोप्या आहेत. तप्त बाजूच्या झडपेला उष्णतारोधक अस्तर, आतून थंड करण्याची सोय, किंवा दोन्ही लागतील, आणि तिची थोडी गळती झाली तरी कार्बन डायऑक्साइडमध्ये हवा मिसळेल. त्यामुळे नुसत्या तांब्याच्या थरापासून सुरुवात करून बाहेर पडणारी हवा ८५० अंशांपर्यंतच ठेवावी आणि तेवढ्या तापमानावर चालणारे लहान टर्बाइन जोडावे, हा मध्यम मार्ग मला योग्य वाटतो. कार्यक्षमता थोडी घटेल, पण अशा झडपेची चाचणी तरी होईल. उच्च तापमानाच्या झडपांवर प्रत्यक्ष काम केलेले अंबड किंवा सिन्नर औद्योगिक वसाहतीतील कोणी सदस्य असतील, तर अस्तराचे साहित्य आणि बैठकीच्या रचनेबद्दल त्यांनी येथे जरूर लिहावे.